महिला अधिकाऱ्याच्या नेतृत्वाविषयी हाताखालच्यांचे मत: न्याय्यपणे कसे नोंदवावे आणि कसे वाचावे

लष्करातील महिला अधिकाऱ्यांची कायम नियुक्ती (पर्मनंट कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंतची सेवा) आणि कमांड (युनिटचे नेतृत्व) यांविषयीचा खटला सर्वोच्च न्यायालयात चालला, तेव्हा केंद्र सरकारने मांडलेल्या मुद्द्यांपैकी एक थेट हाताखालच्या जवानांविषयी होता. जवान बहुतांशी ग्रामीण भागातून येतात, तेथील सामाजिक रीतीभाती वेगळ्या असतात, आणि युनिटची सूत्रे महिला अधिकाऱ्याच्या हाती असणे स्वीकारण्याची त्यांच्या मनाची तयारी अद्याप झालेली नाही, असे लेखी निवेदनात म्हटले होते. १७ फेब्रुवारी २०२० रोजी बबिता पुनिया प्रकरणाचा निकाल देताना न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती अजय रस्तोगी यांच्या खंडपीठाने हा युक्तिवाद फेटाळला. त्यानंतर चित्र झपाट्याने बदलले. २०२३ च्या सुरुवातीस कर्नल हुद्द्याच्या १०८ पदांसाठी महिला अधिकाऱ्यांचे निवड मंडळ बसले. त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईच्या लेफ्टनंट कमांडर प्रेरणा देवस्थळी यांची आयएनएस त्रिंकट या युद्धनौकेच्या कमांडवर नियुक्ती झाल्याचे जाहीर झाले. जवान महिला अधिकाऱ्याला स्वीकारतील का, हा प्रश्न त्यामुळे मागे पडला आहे. हाताखालची माणसे तिच्याविषयी मत कसे बनवतात आणि त्या मताला किती वजन द्यायचे, हा आजचा प्रश्न आहे.

भूदलात अधिकाऱ्याच्या कामाचे मूल्यमापन करणाऱ्या गोपनीय अहवालाची रचना वरून खाली अशीच राहिली आहे. अहवाल लिहिणारा अधिकारी, त्यावरचा समीक्षक आणि त्याच्याही वरचा समीक्षक हे तिघेही वरिष्ठ असतात. तरीही जवानांचे मत वर पोहोचतच असते. सुभेदार मेजर (जवानांमधून वर आलेले युनिटमधील सर्वांत ज्येष्ठ) कमांडिंग ऑफिसरच्या, म्हणजे युनिटप्रमुखाच्या, कानावर घालतात, सैनिक संमेलनात (अधिकारी आणि जवान यांच्या सभेत) एखादी तक्रार निघते, बडाखान्याच्या (सामूहिक भोजनाच्या) वेळी सहज बोलता बोलता वरिष्ठाला अंदाज येतो. नौदलाने २०२३ मध्ये एक पाऊल पुढे टाकून पदोन्नतीसाठी विचाराधीन अधिकाऱ्यांबाबत सहकारी आणि कनिष्ठ यांची मते पद्धतशीरपणे मागवण्याची व्यवस्था जाहीर केली. केवळ वरिष्ठांच्या अहवालांतून नेत्याचा हाताखालच्यांवर होणारा परिणाम मोजता येत नाही, हे त्यामागचे कारण होते आणि ते रास्तही आहे. पण खालून येणारे मत प्रामाणिक असले तरी ते निःपक्षपाती असेलच असे नाही. पुढील सूचना हे मत नोंदवणाऱ्या जवानांसाठी आणि कॅडेटसाठी, प्रश्नावली तयार करणाऱ्यांसाठी, आणि आलेली उत्तरे वाचून निर्णय घेणाऱ्यांसाठी आहेत. एनसीसीच्या शिबिरात सीनिअर अंडर ऑफिसरविषयी (कॅडेटमधील सर्वांत वरिष्ठाविषयी) कॅडेटचा अभिप्राय घेणाऱ्यांनाही त्या लागू पडतील.

पूर्वग्रह कोठे असतो, हे आधी ओळखा

बहुतेकांची समजूत अशी असते की पूर्वग्रह असलेला माणूस महिला अधिकाऱ्याला सरसकट कमी गुण देईल आणि तो लगेच ओळखू येईल. प्रत्यक्षात तसे क्वचितच घडते. अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या कॅडेट कोअरमधील एक अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे लष्करी कामगिरीच्या वस्तुनिष्ठ मोजमापांत मुलगे आणि मुली यांच्यात फरक आढळला नाही. मात्र लष्करी यशासाठी लागणारी जिद्द आणि नेतृत्वगुण मुलींमध्ये कमी आहेत, असे मत सोबतच्या कॅडेटनी नोंदवले. म्हणजे आकडे सारखे होते, मत मात्र वेगळे पडले.

अमेरिकी लष्करी क्षेत्रातीलच दुसरा, बराच मोठा अभ्यास २०१८ मध्ये समोर आला. चार हजारांहून अधिक व्यक्तींविषयीची ८१ हजारांवर मूल्यमापने त्यात तपासली गेली. मूल्यमापन करणाऱ्यांसमोर ८९ गुणदोषदर्शक शब्दांची यादी होती आणि तीतून लागू पडणारे शब्द निवडायचे होते. चांगल्या शब्दांच्या संख्येत स्त्री-पुरुषांमध्ये फरक पडला नाही. वाईट शब्द मात्र स्त्रियांच्या वाट्याला लक्षणीयरीत्या जास्त आले. आकड्यांपेक्षाही बोलके आहेत ते शब्द. पुरुषांसाठी सर्वाधिक वापरलेला चांगला शब्द ‘विश्लेषक बुद्धीचा’ या अर्थाचा होता, तर स्त्रियांसाठी ‘सहृदय’ या अर्थाचा. वाईट शब्दांत पुरुषांना ‘उद्धट’ आणि स्त्रियांना ‘अकार्यक्षम’ म्हटले गेले. उद्धटपणा हा स्वभावदोष झाला. माणूस उद्धट असूनही कामात वाघ असू शकतो. अकार्यक्षम म्हटले की त्या माणसाच्या कुवतीवरच काट मारली जाते. कौतुकाचेही तसेच आहे: निवड मंडळासमोर एकाच्या नावापुढे विश्लेषक बुद्धी आणि दुसरीच्या नावापुढे सहृदयता असे लिहिलेले असेल, तर बटालियन कोणाच्या हाती जाईल हे वेगळे सांगायला नको.

तिसरी गोष्ट अधिकार गाजवण्याच्या शैलीविषयीची आहे. नेत्यांच्या मूल्यमापनावरील अनेक प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात स्त्रियांना कमी लेखण्याची प्रवृत्ती एकंदरीत अगदी लहान आढळली, हे आधी स्पष्ट सांगितले पाहिजे. पण नेत्या हुकमी, पुरुषी समजल्या जाणाऱ्या शैलीत वागल्या तेव्हा, आणि मत देणारे पुरुष होते तेव्हा, ती वाढलेली दिसली. लष्करात या दोन्ही अटी रोजच पूर्ण होतात. आज्ञा देणे हेच तेथे काम आहे आणि आज्ञा घेणारे बहुतेक पुरुष आहेत. मृदू बोलणाऱ्या महिला अधिकाऱ्याला ‘पकड नाही’ असे म्हणायचे आणि कडक वागणारीला ‘तोरा आहे’ असे म्हणायचे, अशी ही इकडे आड तिकडे विहीर आहे. मत नोंदवण्याची आणि वाचण्याची पुढील सर्व पद्धत ही अडचण डोळ्यांसमोर ठेवूनच सांगितली आहे.

मत नोंदवताना: प्रसंग आधी, विशेषण नंतर

अभिप्रायाचा कागद हातात आला की विशेषणे आधी सुचतात, कारण ती वर्षभर बराकीत तयारच झालेली असतात. ती काही काळ बाजूला ठेवावीत. ज्या अधिकाऱ्याविषयी लिहायचे आहे त्याच्या हाताखाली आपण स्वतः पाहिलेले तीन-चार प्रसंग आधी एका कोऱ्या कागदावर उतरवावेत: कोणती परिस्थिती होती, अधिकाऱ्याने काय केले, त्याचा कामावर आणि माणसांवर काय परिणाम झाला. त्यांतून जे विशेषण आपोआप निघेल तेवढेच मूळ कागदावर घ्यावे. एखाद्या विशेषणाला एकही प्रसंग सापडत नसेल, तर ते विशेषण बहुधा ऐकीव आहे. ते लिहू नये.

हे उदाहरणाने पाहू. असे समजा की सिग्नल्सच्या एका कंपनीचे रात्रीचे फायरिंग संपले आहे आणि रिकाम्या काडतुसांची मोजणी दोनने कमी भरली आहे. कंपनी कमांडर सर्वांना रेंजवरच थांबवते, टॉर्च लावून फायरिंग पॉइंटची जमीन पुन्हा तपासायला लावते, आणि दोन्ही काडतुसे सापडल्यावरच गाड्या सोडते. कंपनी बऱ्याच उशिरा परतते. या प्रसंगावर एक जवान लिहील की ‘मॅडमचा जवानांवर विश्वास नाही, छोट्या गोष्टीवरून चिडतात.’ तोच प्रसंग पुरुष अधिकाऱ्याच्या नावावर असता तर ‘साहेब हिशोबाला पक्के आहेत’ असे वाक्य उतरण्याची शक्यता बरीच असते. योग्य नोंद साधारण अशी होईल: ‘रिकामी काडतुसे दोन कमी भरली. मॅडमनी सर्वांना थांबवून शोध घेतला व मोजणी पूर्ण झाल्यावर गाड्या सोडल्या. परतायला उशीर होणार म्हणून लंगरला जेवण गरम ठेवण्याचा निरोप त्यांनी आधीच पाठवला होता. थांबण्याचे कारण मात्र मागच्या सेक्शनपर्यंत नीट पोहोचले नाही, त्यामुळे तेथे कुरबूर झाली.’ या नोंदीत स्तुती आहे आणि उणीवही आहे. लंगरला गेलेला निरोप आणि मागच्या सेक्शनपर्यंत न पोहोचलेले कारण, या दोन तपशिलांवरून वाचणाऱ्याला अधिकाऱ्याची खरी मापे मिळतात. ‘चिडतात’ या शब्दावरून काहीच मिळत नाही.

नोंद पूर्ण झाल्यावर ती एकदा नाव बदलून वाचावी. महिला अधिकाऱ्याच्या जागी आपण पूर्वी ज्याच्या हाताखाली काम केले त्या पुरुष अधिकाऱ्याचे नाव मनात घालावे आणि वाक्य तसेच शोभते का ते पाहावे. ‘साहेब फार भावनाप्रधान आहेत’, ‘साहेब घर सांभाळून ड्यूटीही चांगली करतात’, ‘साहेबांचा आवाज परेडला चढा लागतो’ ही वाक्ये कानाला विचित्र वाटतात. ज्या वाक्याचा असा विचित्रपणा जाणवेल ते खोडावे किंवा प्रसंगाच्या भाषेत पुन्हा लिहावे. उलट दिशेनेही ही चाचणी घ्यावी: पुरुष अधिकाऱ्याविषयी ‘कडक आहेत पण मनाने चांगले’ असे जे आपण सहज लिहितो, तेवढीच सवलत महिला अधिकाऱ्याला दिली आहे का, हे तपासावे.

आणखी एक शब्दप्रयोग कटाक्षाने टाळावा. ‘बाईमाणसाच्या मानाने चांगली धावते’, ‘लेडी ऑफिसरच्या मानाने निर्णय पक्का असतो’ अशी वाक्ये लिहिणाऱ्याला स्तुतीची वाटतात. पण त्यात दोन वेगवेगळ्या फुटपट्ट्या वापरलेल्या असतात. स्त्रियांमध्ये चांगली म्हणून पाचपैकी पाच गुण दिले जातात, आणि पुढे ‘युनिट कोणाच्या हाती द्यावे’ असा सरळ क्रम लावायला सांगितले की तीच अधिकारी यादीत खाली जाते. तेव्हा तुलना करायचीच असेल, तर त्या हुद्द्याच्या आणि त्या नेमणुकीच्या कामाशी करावी: कंपनी कमांडरने जे करायला हवे ते केले की नाही.

रजेबाबतही सावध राहावे. ज्याची रजा नाकारली गेली किंवा ज्याला नुकतीच शिक्षा झाली, त्याचे मत कडवट होणे माणसाच्या स्वभावाला धरूनच आहे. ही कडवट भावना पुरुष अधिकाऱ्याविषयीही निर्माण होते, पण तेथे ती ‘साहेबांचा नियम’ म्हणून पचवली जाते आणि येथे ‘मॅडमचा स्वभाव’ म्हणून लक्षात राहते. म्हणून रजा नाकारण्याविषयी लिहायचे असेल तर कारण दिले होते का, तोच निकष इतरांना लावला होता का, आणि नंतर रजा कधी मिळाली, एवढ्या तीन गोष्टी लिहाव्यात.

जे पाहिले नाही त्याविषयी गुण देऊ नयेत. प्रश्नावलीत तशी सोय नसेल तर समासात ‘पाहिलेले नाही’ असे लिहावे.

प्रश्नावली तयार करताना

पूर्वग्रह कमी करण्याची सर्वांत स्वस्त जागा हीच आहे, आणि नेमकी हीच घाईत उरकली जाते. गुणांकनाची पट्टी हा पहिला निर्णय. उत्तर अमेरिकेतील एका विद्यापीठात विद्यार्थी प्राध्यापकांना दहापैकी गुण देत असत. पुढे ती पट्टी सहापैकी करण्यात आली. पुरुषबहुल विषयांत दहाच्या पट्टीवर स्त्री प्राध्यापकांना कमी गुण मिळत होते, सहाच्या पट्टीवर तो फरक नाहीसा झाला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचे स्पष्टीकरण असे की दहापैकी दहा हा आकडा असामान्य प्रतिभेची कल्पना मनात आणतो आणि ती कल्पना पुरुषांशी चटकन जुळते. विद्यापीठ आणि बराक यांच्यात अंतर आहे हे खरे. तरीही लष्करी प्रश्नावलीत लहान पट्टी ठेवण्यात तोटा काही नाही, आणि प्रत्येक गुणासमोर त्याचा अर्थ वर्तनाच्या भाषेत लिहिला तर फायदा आणखी वाढतो. ‘निर्णयक्षमता: चार’ असे नुसते विचारण्याऐवजी ‘आदेश बदलला तर बदलाचे कारण सांगितले जाते: नेहमी, बहुधा, कधी कधी, क्वचित’ असे विचारावे.

शब्दांची यादी देऊन ‘लागू पडणाऱ्यांवर खूण करा’ असे सांगण्याचा मोह आवरावा. तसे केले की काय होते ते वर पाहिलेच आहे. ‘महिला अधिकाऱ्याच्या हाताखाली काम करायला आवडेल का’ हा प्रश्न तर कोणत्याही रूपात नसावा, कारण तो त्या अधिकाऱ्याविषयी विचारलेला नसतोच.

युद्धप्रसंगी योग्यता हा रकाना विशेष जपून हाताळावा लागतो. नौदलाने कनिष्ठांकडून मत मागवण्यासाठी जाहीर केलेल्या विषयांत व्यावसायिक ज्ञान आणि नेतृत्वगुण यांच्याबरोबर युद्धात किंवा संकटात योग्य ठरण्याची क्षमता हाही विषय आहे. तो असणे स्वाभाविक आहे, कारण सशस्त्र दलाचे अंतिम काम तेच आहे. पण शांततेच्या काळात हाताखालच्यांपैकी बहुतेकांनी आपल्या अधिकाऱ्याला युद्धात पाहिलेले नसते. जे पाहिले नाही ते कल्पनेने भरले जाते, आणि युद्धातील नेत्याचे कल्पनेतले चित्र लहानपणापासून पुरुषाचेच असते. माझ्या मते हा रकाना रिकाम्या कल्पनेवर सोडू नये. जवळात जवळच्या खऱ्या संकटाशी तो बांधून टाकावा. २०१९ मध्ये कोल्हापूर आणि सांगलीत महापूर आला तेव्हा भूदल आणि नौदल या दोन्हींची पथके मदतीला उतरली होती. असे मदतकार्य, डोंगराळ रस्त्यावर बंद पडलेला ताफा, सरावात गंभीर जखमी झालेला जवान, रात्री अचानक तुटलेला संपर्क, यांपैकी जे घडले असेल त्याविषयी विचारावे: पहिल्या तासात आदेश स्पष्ट होते का, कोणाला कोठे पाठवायचे हे ठरले होते का, चुकीची माहिती आल्यावर योजना बदलली का.

प्रश्नावली जवानांच्या भाषेत असावी. खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधल्या (लष्करी अभियंत्यांच्या दलातल्या) मराठी जवानाला इंग्रजी प्रश्नाखाली दोन ओळी लिहायला लावल्या, तर तो बरोबरच्या क्लार्कला विचारून ठरावीक साच्याचे शब्द लिहील आणि प्रसंग बाहेरच राहील. कागद गोळा करणारी व्यक्ती त्याच कंपनीची नसावी. नावे लपवणे पुरेसे नसते. तीस जणांच्या प्लॅटूनमध्ये दोनच महिला सैनिक असतील आणि कागदावर लिंगाचा रकाना असेल, तर त्या दोघींचे उत्तर कोणाचे हे सर्वांना कळते. अशा ठिकाणी तो रकाना काढून टाकावा.

मत केव्हा मागवावे

अधिकारी रुजू झाल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत मत मागवले तर जवान अधिकाऱ्याविषयी कमी आणि महिला अधिकाऱ्यांविषयीच्या आपल्या समजुतीविषयी जास्त लिहितील. नॉर्वेच्या सैन्यात याविषयी एक उत्तम प्रयोग झाला. नव्या भरतीतील तरुणांना चिठ्ठ्या टाकल्यासारख्या पद्धतीने काही मिश्र तुकड्यांत आणि काही फक्त पुरुषांच्या तुकड्यांत टाकले गेले. मिश्र तुकड्यांत स्त्री-पुरुष एकाच खोलीत राहून आठ आठवड्यांचे प्रशिक्षण घेत होते. प्रशिक्षणाअखेर, मिश्र तुकड्या तितकेच किंवा अधिक चांगले काम करतात असे मानणाऱ्या पुरुषांचे प्रमाण मिश्र तुकड्यांत १४ टक्के बिंदूंनी जास्त निघाले. पण पुढे संपर्क तुटला आणि सहा महिन्यांनी पुन्हा विचारले तेव्हा तो परिणाम उरला नव्हता. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षात सहकारी होते, वरिष्ठ नव्हते, हे लक्षात ठेवूनही त्यातून वेळापत्रकासाठी दोन गोष्टी घेता येतात. एकत्र काम करण्याचा काळ मत घडवतो, म्हणून पहिला अभिप्राय निदान काही महिन्यांच्या सहवासानंतर घ्यावा. आणि मत स्थिर नसते, म्हणून एकदाच घेतलेल्या अभिप्रायावर कोणाची कारकीर्द ठरवू नये.

या काळात युनिटमधले वरिष्ठ काय बोलतात यालाही फार महत्त्व असते. नव्या महिला कंपनी कमांडरची ओळख करून देताना ‘मॅडम नवीन आहेत, सांभाळून घ्या’ असे कोणी म्हटले, तर बोलणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असला तरी हुद्द्याचे वजन तेथेच कमी होते. पुरुष अधिकाऱ्याची ओळख जशी करून दिली जाते तशीच करून द्यावी: नाव, हुद्दा, पूर्वीच्या नेमणुका, आजपासूनची जबाबदारी.

उत्तरे वाचताना

वाचणाऱ्याचे काम सर्वांत अवघड आहे, कारण त्याच्या हातात आलेल्या कागदांत सत्य आणि पूर्वग्रह एकाच शाईत लिहिलेले असतात.

पहिला नियम तुलनेचा. २०२४ मध्ये एका कोअर कमांडरचे पत्र वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाले. आपल्या क्षेत्रातील आठ महिला कमांडिंग ऑफिसरांच्या कामाचा आढावा घेऊन त्यात परस्परसंबंधांतील अडचणी, तक्रारी करण्याची वृत्ती, अहंभाव आणि सहानुभूतीचा अभाव अशा उणिवांवर बोट ठेवले होते. त्यातील प्रत्येक निरीक्षण एखाद्या युनिटबाबत खरे असू शकते. परंतु आठ हा आकडा फार लहान आहे, आणि त्याच काळातील, त्याच प्रकारच्या युनिटांतील पुरुष कमांडिंग ऑफिसरांचा तसाच आढावा शेजारी ठेवल्याशिवाय या उणिवा महिलांच्या आहेत की पहिल्यांदाच कमांड घेणाऱ्या कोणाच्याही, हे ठरवता येत नाही. अहंभावी कमांडिंग ऑफिसर लष्कराने यापूर्वी पाहिलेच नाहीत, असे कोणी म्हणणार नाही. सहानुभूतीचा अभाव ही तक्रारही नीट पारखावी लागते: पुरुष अधिकाऱ्याकडून जिची फारशी अपेक्षाच केली जात नाही, तिच्या कमतरतेची नोंद महिला अधिकाऱ्याच्या नावावर मात्र ठळकपणे होते. म्हणून युनिटमधील अभिप्राय वाचताना त्याच जागेवर आधी असलेल्या पुरुष अधिकाऱ्यांचे अभिप्राय मागवावेत आणि ते त्याच प्रश्नावलीवर घेतलेले असावेत.

दुसरे काम शब्द मोजण्याचे आहे. सर्व टिपणांतील विशेषणे एका कागदावर दोन स्तंभांत उतरवावीत: कुवतीविषयीची एका बाजूला, स्वभावाविषयीची दुसऱ्या बाजूला. प्रत्येक विशेषणासमोर त्याला आधार देणारा प्रसंग आहे का, याची खूण करावी. हे काम कंटाळवाणे आहे, अर्धा दिवस जातो, पण चित्र बदलून जाते. बहुतेक वेळा असे दिसते की पाच-सहा कागदांवर एकच विशेषण एकाच शब्दांत आले आहे आणि त्यामागे एकच प्रसंग आहे, जो एकानेच पाहिला होता. तो प्रसंग एकदाच मोजावा.

नुसत्या सरासरीवर विसंबू नये. बाराजणांपैकी दहाजणांनी चांगले आणि दोघांनी अगदी तळाचे गुण दिले, तर सरासरी मध्यम दिसते, आणि मध्यम नेतृत्वाची सरासरीही तशीच दिसते. दोन्हींचा अर्थ अगदी वेगळा आहे. दोन तळाच्या कागदांत प्रसंग असेल तर तो तपासावा, नसेल तर त्यांना तितकेच कमी वजन द्यावे.

जुन्या कागदांबाबतही सावध राहिले पाहिजे. लेफ्टनंट कर्नल नितीशा प्रकरणात २५ मार्च २०२१ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने दाखवून दिले की महिला अधिकाऱ्यांचे गोपनीय अहवाल ज्या काळात लिहिले गेले, त्या काळात त्यांना कायम नियुक्तीची शक्यताच नसल्याने ते निष्काळजीपणे भरले गेले होते. पुढे तेच अहवाल पुरुषांच्या तुलनेत निवडीसाठी वापरले गेले. न्यायालयाने त्याला अप्रत्यक्ष भेदभाव ठरवले. ते अहवाल वरिष्ठांनी लिहिलेले होते, तरी कनिष्ठांच्या अभिप्रायांचेही तसेच होऊ शकते. केवळ ‘प्रशिक्षणासाठी’ म्हणून घेतलेला, कोणी मनावर न घेतलेला अभिप्राय काही वर्षांनी पदोन्नतीच्या फायलीत निघता कामा नये. कागदावर उद्देश आणि तारीख लिहिलेली असावी.

शक्य तेथे वाचणाऱ्यांना नाव आणि लिंग कळू देऊ नये. अमेरिकी लष्कराने २०२० मध्ये बटालियन कमांडर निवडण्याची नवी पद्धत सुरू केली, तीत कनिष्ठांचे अभिप्राय होते, आणि मुलाखत घेणारे मंडळ आणि उमेदवार यांच्यामध्ये पडदा असे. आपल्याकडे एका युनिटच्या पातळीवर हे जमणार नाही, कारण कोण कोणत्या कंपनीत आहे हे सर्वांना माहीत असते. पण टिपणे टंकलिखित करून ‘मॅडम’ आणि ‘साहेब’ यांच्या जागी ‘अधिकारी’ लिहून, क्रियापदांची रूपे बदलून, दुसऱ्या युनिटमधील अधिकाऱ्याला वाचायला देता येतात. मराठी आणि हिंदी क्रियापदांतून लिंग डोकावत असल्याने हे काम क्लार्कवर न सोडता स्वतः तपासावे.

येथे उलट बाजूही सांगितली पाहिजे. पूर्वग्रह असतो म्हणून महिला अधिकाऱ्याविरुद्धची प्रत्येक तक्रार बाजूला सारणे हाही अन्यायच आहे, आधी जवानांवर आणि मग त्या अधिकाऱ्यावर. काही महिला अधिकारी, काही पुरुष अधिकाऱ्यांप्रमाणेच, वाईट कमांडर असतात. प्रसंग, साक्षीदार आणि परिणाम असलेली तक्रार त्याच कडकपणे चालवावी. सांभाळून घेण्याच्या भावनेतून सौम्य केलेला अभिप्राय तर सर्वांत महाग पडतो, कारण कॅप्टन असताना जी चूक दोन वाक्यांत सांगता आली असती, ती कर्नल झाल्यावर पत्रात आणि वृत्तपत्रांत निघते.

अभिप्राय त्या अधिकाऱ्याला दाखवताना सर्व कागद एकदम देऊ नयेत. प्रसंग असलेली टिपणे आधी द्यावीत, त्यांतील दोन-तीन बदलण्याजोग्या गोष्टी एकत्र बसून ठरवाव्यात. नुसती विशेषणे असलेली टिपणे बाजूला ठेवावीत, पण ती किती आहेत हे सांगावे. ठरलेले बदल पुढील सैनिक संमेलनात त्या अधिकाऱ्याने स्वतः सांगावेत: रेंजवर थांबवायचे झाल्यास कारण शेवटच्या सेक्शनपर्यंत सेक्शन कमांडर पोहोचवेल, अशा साध्या शब्दांत. सहा महिन्यांनी तीच प्रश्नावली, त्याच भाषेत, शेजारच्या कंपनीच्या पुरुष अधिकाऱ्याबाबतही, पुन्हा भरून घ्यावी आणि दोन्ही वेळच्या नोंदी एकाच फायलीत लावाव्यात.